बूट कसे वाटले, ते कळवा

नमस्कार चंद्रकांत! तुमचे नवे बूट कसे वाटले? फक्त तीस सेकंद द्या.

गेल्या रविवारपासून हा निरोप मला एकोणीस वेळा आला आहे. दात घासताना आला. परचेस कमिटीची बैठक चालू असताना आला. परवा आमच्या कारखान्यातले जुने स्टोअरकीपर वारले, त्यांच्या शोकसभेत सगळे मान खाली घालून उभे होते, तेव्हाही आला. तुमची ती घंटी अशी वाजते की साहेबांनी माझ्याकडे बघून मौन अर्ध्यावरच संपवलं. म्हणून आज बसलो आहे. सगळे रकाने भरणार आहे. तीस सेकंदांत होणार नाही.

सुरुवातीलाच सांगतो, मला नुसतं चंद्रकांत म्हणू नका. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. आई मला चंदू म्हणते, बायको अहो म्हणते, ऑफिसात हुक्केरी सर म्हणतात. वरच्या मजल्यावरचा अजित माझ्याहून फक्त नऊ वर्षांनी लहान आहे आणि त्याच्या डोक्यावर माझ्यापेक्षा कमी केस आहेत, तो मला काका म्हणतो. त्या अन्यायासाठी तुमच्या फॉर्मात रकाना नाही, म्हणून सोडून देतो.

१. हे उत्पादन कशासाठी घेतलंत? (एकच निवडा: रोजचा वापर / व्यायाम / गिर्यारोहण / भेट)

चारही खोडतो. मी हे बूट पिशव्यांतून सुटण्यासाठी घेतले.

येलहंक्यात आमच्या इमारतीत सात मराठी कुटुंबं आहेत. दरवर्षी जानेवारीत एका रविवारी ही सातही कुटुंबं चिक्कबळ्ळापूरच्या अलीकडच्या एका डोंगरावर सूर्योदय बघायला जातात. पहिल्या वर्षी मीही निघालो होतो, ऑफिसचे काळे बूट घालून. पहिल्याच मोठ्या खडकावरून मी बसल्या स्थितीत खाली आलो. फार नाही, तीस-चाळीस फूट. लागलं काही नाही, पण पँटचं जे झालं ते सात कुटुंबांनी टॉर्च मारून पाहिलं. त्या दिवशी अजितनं नियम केला की ज्याच्या तळव्याला पकड नाही त्यानं खडकावर पाय ठेवायचा नाही. अजित पुण्याचा आहे. नियम करायला त्याला वेळ लागत नाही.

तेव्हापासून सहा वर्षं मी खाली गाड्यांपाशी बसून पिशव्या राखतो. तिथं गाड्यांच्या काचा फोडून सामान नेतात, असं अजितनं कुठंतरी वाचलं होतं. मी आणि चौदा पिशव्या. नीलिमा, म्हणजे माझी बायको, सगळ्यांबरोबर वर जाते आणि तीन तासांनी उतरते. उतरताना तिचा चेहरा असा झालेला असतो की मी तिला काही विचारत नाही आणि ती काही सांगत नाही. यंदा तो रविवार नेमका आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला येत होता. नोव्हेंबरात एकदा मटार सोलताना ती मान वर न करता म्हणाली, ‘‘यंदा तरी वर या.’’

एवढंच म्हणाली. पुढं मटार सोलत राहिली. तुमच्या चार पर्यायांत हे कुठं बसतं ते तुम्हीच बघा.

२. आमच्या अ‍ॅपबद्दल कुठून कळलं?

अजितकडून. तो म्हणाला, काका, बूट दुकानात जाऊन कोण घेतं, मी चार अ‍ॅप सांगतो, कंपेअर करा. ही चूक त्याची. मला कंपेअर करा असं सांगायला नको होतं.

यशवंतपूरला विजेचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं परचेसमध्ये आहे. आमच्याकडे साधा झाडू घ्यायचा तरी तीन बंद लिफाफे येतात, ते तिघांसमक्ष फोडले जातात, आणि मग मी एक तुलनात्मक तक्ता करतो. आडवे रकाने पार्ट्यांचे, उभे रकाने अटींचे. सर्वांत कमी दराच्या पार्टीखाली लाल रेघ. त्या रेघेला आजवर ऑडिटनं बोट लावलेलं नाही. तेव्हा दोनशे पानी वही घेतली आणि चार पार्ट्या मांडल्या: तुम्ही म्हणजे ‘शिखर’, मग ‘डोंगरवाट’, ‘भरारी’ आणि ‘चटकन’.

पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की या धंद्यात कोणाला शिस्त नाही. एकच बूट, एकच कंपनी, एकच फोटो. तुमच्याकडे तो गिर्यारोहणात आहे, डोंगरवाटवर पळण्याच्या बुटांत, भरारीवर कॉलेजात घालायच्या बुटांत आणि चटकनवर बायकांच्या विभागात. वजन तुम्ही जोडीचं देता, डोंगरवाट एका पायाचं देते. एक म्हणतं पाणी आत शिरत नाही, दुसरं म्हणतं पाणी सहसा शिरत नाही, तिसरं म्हणतं पाण्याला विरोध करतो. विरोध तर मीही करतो. त्याचा परिणाम काय होतो ते लिहा की.

भरारीवर मी वयाचा रकाना खरा भरला. त्यानंतर त्यांनी मला डोंगराचे बूट दाखवणं बंद केलं आणि मधुमेहींसाठी मऊ चपला, गुडघ्याचे पट्टे आणि न्हाणीघरात धरायचा दांडा दाखवायला लागले. मला साखर नाही. हे मी त्यांच्या चॅटमध्ये कळवलं. चॅटमधली बाई म्हणाली की ती माझ्या भावना समजू शकते. मी विचारलं, तुम्ही बाई आहात की मशीन? तर तिनं तोच दांडा वीस टक्के सवलतीत दाखवला.

३. माप बरोबर होतं का?

होतं. पण त्यासाठी मी जे केलं ते मला इथं कबूल करावं लागतंय.

चार अ‍ॅपची चार मापं. एकाच्या मते माझा पाय आठ नंबरचा, एकाच्या मते नऊ, एक म्हणतो बेचाळीस. आमच्या इमारतीच्या गेटवरचा मंजुनाथ गेले आठ दिवस सांगत होता, सर, चिकपेटला जावा, सगळं मिळतंय. मला घ्यायचं काही नव्हतं, पण म्हटलं, माप तरी घेऊन यावं. मेट्रोनं गेलो. गल्लीतल्या गल्लीत एक दुकान, छतापर्यंत खोकी. मालकांनी मला स्टुलावर बसवलं, स्वतः खाली बसले, माझा पाय मांडीवर घेतला. एक जोड घातला, अंगठा दाबून पाहिला, काढला, दुसरा घातला. मग दुकानातच दहा पावलं चालायला लावलं. चहा मागवला. पायाला मापाची लाकडी पट्टी लावली तेव्हा मी आकडा चोरून वाचला.

मग म्हणालो की घरी विचारून येतो.

ते हसले. म्हणाले, ‘‘अ‍ॅपवर घेणार, नाही का सर?’’ चहा अर्धा उरला होता, तो प्यावा की ठेवावा हे कळेना. ते म्हणाले, ‘‘घ्या, घ्या. कालु निम्दु, अळते नम्दु.’’ पाय तुमचा, माप आमचं. आणि आकडा माझ्या वहीवर स्वतःच्या हातानं लिहून दिला, चुकू नये म्हणून.

मेट्रोत येताना मला वाटत होतं की सगळा डबा माझ्या पायांकडे बघतोय. हा अपमान मी कोणाच्या खात्यात टाकू? तुम्ही तुमच्या जाहिरातीत म्हणता, घरबसल्या खरेदी. घरबसल्या असती तर मी त्या माणसाच्या मांडीवर पाय ठेवून चोरासारखा पळालो नसतो.

४. किंमत वाजवी वाटली का?

कोणती? सकाळची, दुपारची की रात्रीची?

आमच्याकडे लिफाफा एकदा फुटला की पार्टीला दर बदलता येत नाही. बदलला तर पार्टी काळ्या यादीत. तुम्ही चौघं तासातासाला बदलता. मी ऑफिसला जाताना एक दर लिहायचो, परत येईपर्यंत तो खोटा पडलेला असायचा. पहिल्या आठवड्यात वहीत इतकी खाडाखोड झाली की सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्याच तक्त्यावर सही करायला कचरलो.

त्याहून वाईट पुढंच. एका संध्याकाळी मी आणि नीलिमा एकाच सोफ्यावर बसून, एकाच मिनिटाला, एकच बूट बघत होतो. तिच्या फोनवर तो माझ्यापेक्षा स्वस्त होता. ती म्हणाली, मी कधी काही घेत नाही ना, म्हणून मला लाडीगोडी लावतायत. म्हणजे जो माणूस आठ दिवस इमानानं तुमच्या दाराशी उभा आहे, त्याला जास्त. आमच्या ऑफिसात हे कोणी केलं असतं तर चौकशी बसली असती.

शेवटी शनिवारी, डोंगराच्या बरोबर आठ दिवस आधी, तुमचा दर पडला. चौघांत सर्वांत कमी. मी लाल रेघ मारली. सवलत त्याच रात्री बारापर्यंत होती. फोनवर बोट ठेवणार, इतक्यात आईनं आतून विचारलं, आज वार कोणता.

आई एकोणऐंशी वर्षांची आहे, निपाणीची. शनिवारी लोखंड, तेल आणि पायातलं घरात आणायचं नाही, हे तिनं मला शाळेत जाण्याआधी शिकवलं होतं. त्यात मला सध्या साडेसाती आहे. म्हणजे मला ती जाणवत नाही, पण आई मोजते. मी म्हटलं, आणत नाहीये, नुसती ऑर्डर करतोय. ती म्हणाली, मला ते ऑर्डर-बिर्डर कळत नाही, आचार्यांना विचार.

भीमाचार्य तळमजल्यावर राहतात. धारवाडला सब-रजिस्ट्रार ऑफिसात चौतीस वर्षं खरेदीखतं नोंदवून निवृत्त झाले आणि सकाळी तीन तास पूजा करतात. त्यामुळे आमच्या इमारतीत धर्म आणि कायदा यांचं एकच काउंटर आहे. मी फोन घेऊन खाली गेलो. त्यांनी ‘स्वल्प तडीरी’ म्हणून मला थांबवलं, चष्मा लावला, अटी-शर्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या (माझ्या माहितीत असं करणारे ते एकमेव गृहस्थ) आणि निकाल दिला. ऑर्डर म्हणजे मागणी. मुलगी बघायला गेलं म्हणजे लग्न लागत नाही. पैसा हातातून जाईल आणि वस्तू हातात येईल, त्या क्षणी खरेदी. तेव्हा आज मागणी करा, पैसे घरी वस्तू आल्यावर द्या. फक्त तो दिवस शनिवार नको.

तुम्ही मंगळवार कबूल केला होता. आई म्हणाली, मंगळवार चालेल.

५. ऑर्डर वेळेवर पोचली का?

इथं मी थोडा वेळ थांबून पाणी पिऊन आलो.

मंगळवारी ‘आज येत आहे’. बुधवारी ‘आज येत आहे’. बुधवारी संध्याकाळी ‘तुमचं पार्सल यशवंतपूर केंद्रात आहे’. तुमचं ते केंद्र म्हणजे आमच्या कँटीनच्या खिडकीतून दिसणारं निळ्या पत्र्याचं गोदाम. दोन दिवस मी जेवताना माझ्या बुटांच्या छपराकडे बघत होतो. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत रस्ता ओलांडून तिथं गेलो.

खिडकीतल्या गृहस्थांना नंबर दाखवला. त्यांनी मशीनवर पाहून सांगितलं, आहे, आतच आहे. मी म्हटलं, द्या. ते म्हणाले, देता येत नाही. पत्ता येलहंक्याचा आहे आणि तुम्ही यशवंतपुरात आहात. मी म्हटलं, मी तोच माणूस आहे. ते म्हणाले, माणूस तोच असेल, पत्ता तो नाही. वस्तू पत्त्याला मिळते, माणसाला नाही. घरी जाऊन थांबा. त्यांच्या पाठीमागं खोक्यांचा ढीग होता आणि त्या ढिगात, माझ्यापासून वीस फुटांवर, माझे बूट होते. मी पत्ता इथं आणू शकत नाही, एवढंच मला म्हणता आलं.

तिथं उभा असतानाच तुमचा निरोप आला. दुपारी एक वाजून वीस मिनिटं. ‘आम्ही आत्ता तुमच्या घरी आलो होतो, पण तुम्ही घरी नव्हता.’

मी तो निरोप खिडकीतल्या गृहस्थांना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा मशीनमध्ये पाहिलं आणि म्हणाले, हो, बरोबर आहे, तुम्ही घरी नव्हता.

मंजुनाथच्या रजिस्टरमध्ये त्या दुपारी फक्त पाण्याचा टँकर आणि एक गॅस सिलिंडर अशा दोनच नोंदी आहेत. त्या पानाचा फोटो मी तुम्हाला तीनदा पाठवला आहे. उत्तर आलं, ‘सुंदर फोटो! इतर ग्राहकांना मदत होईल.’

६. डिलिव्हरी करणाऱ्या व्यक्तीचा अनुभव कसा होता?

त्या व्यक्तीबद्दल एक अक्षर वाईट ऐकून घेणार नाही. तिचं नाव शिवलीला, हावेरीकडची, स्कूटरवर तिच्याहून मोठी पिशवी. ती आली ती डोंगराच्या आदल्या दिवशी. चार वाजता. शनिवारी.

आई आणि आचार्य नेहमीप्रमाणे गेटजवळच्या बाकावर ऊन खात बसले होते. शिवलीलानं खोकं पुढं केलं, पैसे सांगितले. मी पाकीट काढलं आणि आई म्हणाली, चंदू, वार बघ.

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब अर्धा तास. आचार्यांनी स्वतःचाच आठ दिवसांपूर्वीचा निकाल वाचून दाखवला: पैसा जाणं आणि वस्तू येणं म्हणजे खरेदी. दोन्ही आत्ता होणार, म्हणजे खरेदी आज. मी म्हटलं, वस्तू आज घेतो, पैसे सोमवारी. शिवलीला म्हणाली, तसं माझ्या फोनमध्ये नाही. अजित खाली आला, म्हणाला, काका, फोननं द्या, बँक शनिवारी संध्याकाळचं कुठं धरते. आचार्य म्हणाले, देणाऱ्याच्या मनातून पैसा जातो तो क्षण धरायचा, बँकेचा नाही. मंजुनाथनं सुचवलं, खोकं रजिस्टरमध्ये लिहून त्याच्या केबिनमध्ये ठेवू. त्यावर केबिन म्हणजे घर की रस्ता, असा प्रश्न निघाला. दोन गाड्या गेटबाहेर खोळंबल्या. त्यातल्या एका गाडीतले गृहस्थ उतरून म्हणाले की त्यांच्यात हे मंगळवारी पाळतात.

शिवलीलाची अजून एकवीस पार्सलं बाकी होती. ती म्हणाली, ‘‘बेगा हेळी सर, लवकर सांगा. माझ्याकडे दोनच बटणं आहेत, घेतलं आणि नाही घेतलं.’’ सबंध गर्दीत नेमकं बोललेली ती एकटीच.

नीलिमा जिन्यात उभी राहून केव्हापासून ऐकत होती कोण जाणे. ती खाली आलीच नाही. तिथूनच म्हणाली, ‘‘परत पाठवून द्या. मी जाऊन येईन. तुम्ही बसा पिशव्यांपाशी, सवय आहे तुम्हाला.’’ रागावली असती तर बरं झालं असतं. दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगावं तसं म्हणाली, आणि वर निघून गेली.

मी शिवलीलाला म्हटलं, नाही घेतलं, हे बटण दाबा.

तेवढ्यात आई उठली. आई बाकावरून उठते तेव्हा आधी काठी उठते, मग आई. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि शिवलीलाला विचारलं, ‘‘एष्टु कोडबेकव्वा?’’ किती द्यायचे. आचार्य काही बोलणार होते. आई म्हणाली, ‘‘आचार्य, माझी साडेसाती दोनदा होऊन गेली. तिसरी यायच्या आत मीच जाईन. शनी माझं काय वाकडं करतो? बूट मी घेते.’’

आचार्यांनी डोळे मिटून विचार केला. मग म्हणाले की खरेदीदार सज्ञान आहे, स्वखुशीनं घेत आहे, हरकत दिसत नाही. आईनं नोटा मोजून दिल्या, खोकं काखेत मारलं आणि मला बजावलं, ‘‘बूट माझे आहेत. उद्याच्या दिवस घाल.’’

शिवलीलाला पाच तारे. सहावा असेल तर तोही.

७. आराम (एक ते पाच)

मला खोटं लिहिता येत नाही. पाच.

पायांत ढग बांधल्यासारखे होते. ज्या खडकावरून मी घसरलो होतो त्याच्यापाशी सगळी सात कुटुंबं माझ्यासाठी थांबली. हे सौजन्य होतं की तमाशाची वाट बघणं, ते विचारायला नको. मी चढलो. न थांबता, न हात टेकता. अजित मागून म्हणाला, काका, तुफान. मी ऐकलंच नाही असं दाखवलं, पण चढताना मान थोडी ताठ झाली असावी, कारण नीलिमा म्हणाली की खाली बघून चाला.

पूर्वेला फटफटायच्या आधी मी वर होतो. सगळ्यांच्या पुढं. सहा वर्षं ज्या जागेबद्दल मी काही विचारलं नव्हतं ती जागा म्हणजे एक सपाट खडक, एक वाकडं झाड आणि देवाचं एक छोटं दगडी देऊळ.

८. टिकाऊपणा

दोन तास दहा मिनिटं.

नीलिमा म्हणाली, उजाडायच्या आत देवाच्या पाया पडून घेऊ. मी म्हणालो, बाहेरूनच हात जोडतो. ती म्हणाली, पंचविसावा वाढदिवस आहे. मी बूट काढले. मोजे बुटांत घातले. पायरीच्या कडेला, दोन्ही बूट एकमेकांना चिकटवून, नीट ठेवले. वर बरीच माणसं होती, अंधार होता. आत आम्ही चार मिनिटं असू.

बाहेर आलो तर नीलिमाचे सहा वर्षांचे जुने बूट जागेवर. अजितचे, जे तो माझ्या बुटांच्या तिप्पट किमतीचे म्हणून सांगतो, ते जागेवर. पंधरा-वीस जोड चपला जागेवर. माझेच नव्हते.

मला चोराचा राग आला, पण त्याहून दुसरी गोष्ट जास्त लागली. मी चार पार्ट्या, दोनशे पानी वही आणि तेरा दिवस खर्च करून जी निवड केली, ती त्या माणसानं अंधारात, एका नजरेत, बिनचूक केली.

अजितनं टॉर्च मारून देवळाभोवती दोन फेऱ्या घातल्या. मी दिसेल त्याच्या पायांकडे बघत होतो. तोवर सगळीकडून आवाज उठला, लोक फोन वर करून उभे राहिले. नीलिमानं माझी हनुवटी धरून तोंड पूर्वेला वळवलं. ‘‘अहो, तिकडे.’’

मग अजित आला आणि म्हणाला, ‘‘काका, तुम्ही इथंच बसा. मी खाली जाऊन गाडीतल्या चपला घेऊन येतो, दीड तासात.’’

मनानं चांगला आहे तो. पण बसा म्हणाला.

मी म्हणालो, ‘‘सहा वर्षं बसलो, अजित. आता बसत नाही.’’ आणि अनवाणी उतरायला लागलो. खडक आधी गार होता, मग खडबडीत, मग ऊन लागल्यावर तापायला लागला. एकदाही पाय घसरला नाही, हे तुम्हाला मुद्दाम कळवतो. त्या मोठ्या खडकापाशी नीलिमानं माझा हात धरला. खडक संपला, माती लागली, सपाट वाट लागली, तरी सोडला नाही. मागं बाकीची सहा कुटुंबं. मी हात सोडवायचा प्रयत्न केला, अगदी हलकेच. तिनं दाद दिली नाही.

खाली पोचलो. चौदा पिशव्या गाड्यांत होत्या तशा होत्या. काच फुटलेली नव्हती. आजूबाजूला कुत्रंही नव्हतं. यावर मी अजितला अजून काही बोललेलो नाही. शब्द शोधतोय.

घरी आईला फोन केला. मला वाटलं होतं, तिला वाईट वाटेल. तिनं आधी विचारलं, उजाडण्याआधी गेले की नंतर? मी म्हटलं, आधी. फोन आचार्यांकडे गेला. ते म्हणाले की आपला वार सूर्योदयाला बदलतो, घड्याळाला नाही, म्हणजे बूट शनिवारीच गेले, आणि शनिवारी पायातलं चोरीला जाणं फार चांगलं, पीडा त्याच्याबरोबर जाते. आईच्या आवाजात असा आनंद मी माझ्या नोकरीच्या वेळीही ऐकला नव्हता. फक्त एक मुद्दा राहिला: बूट आईचे, पाय माझे, तर पीडा कोणाची गेली? आचार्य अभ्यास करून कळवणार आहेत.

९. आणखी काही सांगायचं आहे का?

आहे.

माझ्या तळव्यांना चार ठिकाणी फोड आहेत. नीलिमा रोज संध्याकाळी त्यांना खोबरेल तेल लावते आणि लावता लावता एकदा तरी हसते. काल मी विचारलं, झालं काय हसायला.

म्हणाली, ‘‘काही नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याआधी वर पोचलात, आणि बघितलंत काय, तर लोकांचे पाय.’’

हे खोटं आहे. सूर्य मी पाहिला. तिनं हनुवटी सोडेपर्यंत, म्हणजे बराच वेळ, पूर्ण पाहिला. ही माझी तक्रार आहे आणि ती लेखी नोंदवून घ्यावी.